२४ व्होल्टचा ट्रक आणि सबवूफर : आधी करंट, मग बॉक्स, वूफर शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा चाकी ट्रक, स्लीपर केबिन, २४ व्होल्टची वायरिंग. बर्थखाली जॅक, स्टोव्ह, दोरखंड ठेवून उरलेली जागा ६० सेंमी रुंद, ३४ सेंमी उंच आणि २४ सेंमी खोल. दुकानदाराने १२ इंची दोन सबवूफर, खोक्यावर ‘३००० वॅट’ छापलेला अ‍ॅम्प आणि तयार पोर्टेड (हवा ये-जा करायला पाइप असलेला) बॉक्स असं पॅकेज सांगितलंय. करंट दोनपैकी एका बॅटरीवरून घ्यायचा बेत आहे. आणि विचारलंय एवढंच, की वूफर कुठल्या कंपनीचा घेऊ.

कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा. वर दिलेल्या माहितीत दोन गोष्टी अशा आहेत की त्या तशाच राहिल्या तर कितीही भारी वूफर आणला तरी उपयोग नाही : एका बॅटरीवरून घेतलेला करंट आणि त्या जागेत न मावणारा बॉक्स. ट्रकमध्ये पैसे लावायचा क्रम मी असा धरतो : करंट, केबिन, बॉक्स, मग वूफर. बहुतेक जण बरोबर उलट्या बाजूने सुरुवात करतात आणि करंटपर्यंत येईस्तोवर पैसे संपलेले असतात.

आधी बॅटरी. तुमच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीमागे एक) आहेत आणि अल्टरनेटर त्या दोघींना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. खालच्या (जिची निगेटिव्ह चॅसिसला आहे त्या) बॅटरीवरून म्हणजे मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढले, की ती एकटीच रिकामी होत राहते. अल्टरनेटरला मात्र फक्त बेरीज दिसते. मग खालची १३.२ वर अडकते आणि वरचीवर १४.८ पडतात. वरची जादा चार्ज होऊन पाणी उकळते, खालची अर्धवट चार्ज राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. थोड्या महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष बॅटरीवाल्याला मिळतो. मोबाइल चार्जर किंवा छोटा एफएम असा चालून जातो म्हणून लोकांना वाटतं, अ‍ॅम्पही चालेल. पण अ‍ॅम्प चार्जरच्या दहा-वीस पट करंट ओढतो.

आत्ताच तपासून घ्या. इंजिन चालू ठेवून मीटरने प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट वेगळे मोजा. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर आधीच कुणीतरी मधून वायर काढलेली असण्याची शक्यता मोठी. नाहीतर एक बॅटरी थकलेली आहे. मधून निघालेली वायर शोधून काढून टाका, मग पुढचं बोलू.

यावर दोन उपाय आहेत. एक बॅटरी इक्वलायझर, जो दोन्ही बॅटऱ्या सारख्या ठेवतो. तो चुकीचा नाही, पण त्याची क्षमता लोडला पुरली पाहिजे आणि अ‍ॅम्पला मिळणारे व्होल्ट बॅटरीसोबत वरखाली होत राहतात. दुसरा २४ ते १२ व्होल्टचा स्विचिंग कन्व्हर्टर. मी कन्व्हर्टर लावतो, कारण आउटपुटला १३.८ व्होल्ट स्थिर मिळतात आणि बिघाड शोधणं सोपं जातं.

कन्व्हर्टर किती अँपिअरचा, हे अ‍ॅम्पवरून ठरतं. खोक्यावरचे ३००० वॅट विसरा. आतल्या कागदावर आरएमएस (म्हणजे सतत देता येणारे खरे) वॅट, किती ओहमला आणि किती व्होल्टला, हे तीन आकडे बघा. ते नसतील तर अ‍ॅम्पच्या फ्यूजवरून अंदाज काढा : ३० अँपिअरचा फ्यूज असलेला क्लास डी (कमी गरम होणारा, स्विचिंग पद्धतीचा) अ‍ॅम्प १३.८ व्होल्टला ४१४ वॅट ओढू शकतो, त्यातून बाहेर साधारण ३३० वॅट निघतील. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

तुमच्या केबिनला मी सबसाठी ३०० वॅट आरएमएसचा मोनो अ‍ॅम्प आणि पुढच्या दोन स्पीकरना ६० वॅटचे दोन चॅनल धरेन. दोन्ही क्लास डी, कार्यक्षमता ८० टक्के. ४२० वॅट भागिले ०.८ म्हणजे ५२५ वॅट, भागिले १३.८ म्हणजे ३८ अँपिअर. हा पूर्ण ताकदीचा आकडा झाला. गाण्यात सरासरी याच्या एक तृतीयांशच्या आसपास किंवा त्याहून कमी पडते. पण कन्व्हर्टर बॅटरीसारखा नसतो. बॅटरी क्षणभर दुप्पट करंट देते, कन्व्हर्टर मर्यादा ओलांडली की सरळ आउटपुट पाडतो आणि प्रत्येक ठोक्याला आवाज तुटतो. म्हणून ४० अँपिअर सतत देणारा घ्या. ‘पीक ४० अँपिअर’ लिहिलेला आणि हातात हलका वाटणारा नको. स्वस्तात मिळणारा ‘३० अँपिअर’वाला प्रत्यक्षात १५-१८ ला गरम होऊन बसतो, असं पुष्कळदा दिसतं.

२४ च्या बाजूला हाच हिशोब ४० गुणिले १३.८ म्हणजे ५५२ वॅट, कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ६२७ वॅट, भागिले २७.५ म्हणजे २३ अँपिअर. याला ३० अँपिअरचा फ्यूज आणि १० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. पाच मीटर जाणं आणि पाच मीटर येणं धरलं तरी पूर्ण लोडला अर्ध्या व्होल्टच्या आत घट राहते. कन्व्हर्टरपासून अ‍ॅम्पपर्यंत १६ स्क्वेअर एमएम, आणि ही वायर एक मीटरच्या आत ठेवा. कारण १२ च्या बाजूला करंट जवळपास दुप्पट आहे आणि तिथे प्रत्येक फूट महाग पडतो. कन्व्हर्टर बर्थजवळ आणायचा, बॅटरीजवळ नाही. बाजारात ‘अ‍ॅम्प किट’ म्हणून मिळणाऱ्या जाड दिसणाऱ्या वायरींत बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. टोक कापून खरवडा, आत पांढरं दिसलं तर ती घेऊ नका. ते थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या टोपीत) सैल होतं, पावसाळ्यात गंजतं आणि मग तिथे गरम होतं.

फ्यूज बॅटरीपासून ३० सेंमीच्या आत. फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर चॅसिसवर घासून उघडी पडली तर फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा कुणीच वाचवू शकत नाही. दोन ट्रक बॅटऱ्या मिळून शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओततात, आणि शेजारून डिझेलची नळी जात असते.

वायर कुठून न्यायची यात ट्रकची दोन खास दुखणी आहेत. पहिलं, बॅटरी चॅसिसवर आणि केबिन वेगळी हलते. केबिन टिल्ट होणारी असेल तर इंजिनाचं काम काढताना ती पुढे झुकते. तुमची केबल कंपनीच्या हार्नेसच्या (मूळ वायरींच्या जुडग्याच्या) वाटेनेच न्या, फ्लेक्सिबल पाइपात घालून, आणि टिल्टच्या सांध्यापाशी हार्नेसइतकाच ढिला वळसा ठेवा. ताणून बांधली तर पहिल्याच सर्व्हिसिंगला तुटेल. पत्र्यातून जाते तिथे रबर ग्रोमेट पाहिजेच. ब्रेकच्या हवेच्या नळ्यांना केबल टायने बांधू नका, आणि सायलेन्सरच्या बाजूने तर नकोच.

दुसरं दुखणं बॅटरी कट-ऑफ स्विचचं. तुमच्या गाडीत तो पॉझिटिव्हवर आहे की निगेटिव्हवर, ते बघा. निगेटिव्हवर असेल आणि तुम्ही कन्व्हर्टरची निगेटिव्ह ‘चांगलं अर्थिंग’ म्हणून थेट बॅटरीच्या खुंटीवर नेली, तर अ‍ॅम्प आणि स्टिरिओचा पत्रा केबिनला टेकल्यामुळे स्विच बंद असतानाही सगळ्या गाडीला तुमच्या वायरमधून परतीची वाट मिळते. स्विच बंद आहे हे विसरून कुणी सेल मारला, की स्टार्टरचा करंट त्या १० एमएममधून जायला बघतो. वायर लाल होते. म्हणून निगेटिव्ह नेहमी स्विचच्या पलीकडे, चॅसिसच्या बाजूला जोडा. पॉझिटिव्हवर स्विच असेल तर पॉझिटिव्हही स्विचनंतरच घ्या, म्हणजे रात्री स्विच बंद केला की तुमची सिस्टीमही बंद.

कन्व्हर्टर चावीने चालू-बंद होण्यासाठी रिले लावाल तो २४ व्होल्टचाच घ्या. १२ चा रिले २४ वर काही दिवस चालतो, मग कॉइल जळते. स्टिरिओही १२ व्होल्टचा घेऊन याच कन्व्हर्टरवर चालवा. आहे तोच २४ चा ठेवायचा असेल, तर त्याची रिमोट (चालू होण्याचा इशारा देणारी) वायर अ‍ॅम्पला जोडण्याआधी मीटर लावून बघा. काही स्टिरिओंत तिथे २४ येतात आणि १२ चा अ‍ॅम्प पहिल्याच दिवशी जातो. आणखी एक : बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तेव्हा बॅटरीसोबत कन्व्हर्टरच्याही वायरी काढायला सांगा.

करंट झाला. आता केबिन, कारण आवाज तिथेच हरतो.

सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीत तीनदा पेटतं. १५०० आरपीएमला सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणजे ७५ हर्ट्झ. १२०० ला ६० हर्ट्झ. तुमच्या सबवूफरचं मुख्य काम याच पट्ट्यात आहे! उभ्या गाडीत दणदणीत वाटलेला बास हायवेला लागताच गायब होतो तो यामुळे. इंजिनाची घुमघुम त्याला झाकून टाकते. यावर वॅट वाढवणं हा महाग उपाय आहे. स्वस्त उपाय म्हणजे केबिनचा पत्रा शांत करणं. मागची भिंत, बर्थखालचा पत्रा आणि दोन्ही दरवाजे यांना २ मिमीची ब्युटाइल डॅम्पिंग शीट रोलरने दाबून चिकटवा. शंभर टक्के पत्रा झाकायची गरज नाही, मोठ्या सपाट भागाचा निम्मा झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच बसते. इंजिन टनेलवर कंपनीची मॅट फाटली असेल तर आधी ती बदला. पेडल आणि गिअर लीव्हरचे रबरी बूट फाटले असतील तर तेही. इतक्या कामाने जो फरक पडतो तो शंभर-दोनशे वॅट वाढवून पडत नाही. डांबराची स्वस्त शीट वापरू नका. उन्हाळ्यात विदर्भात गाडी उभी राहिली की ती पाझरते आणि केबिनभर वास सुटतो.

केबिनची एक बाजू तुमच्या फायद्याचीही आहे. बंद छोट्या जागेत, जिथे लाटेची अर्धी लांबी केबिनच्या सगळ्यात मोठ्या मापाइतकी होते, त्याच्या खालच्या फ्रीक्वेन्सीला आवाज आपोआप वाढत जातो. २.३ मीटर रुंद केबिनला ही सीमा साधारण ७५ हर्ट्झ. पुस्तकी हिशोबाने त्याच्या खाली दर सप्तकाला (म्हणजे फ्रीक्वेन्सी निम्मी होईल तेव्हा) १२ डेसिबल वाढ. प्रत्यक्षात काचा, फटी, पातळ पत्रा यांतून गळती होऊन बरीच कमी. तरी पुरेशी. आणि बंद बॉक्स खाली नेमका १२ डेसिबल प्रति सप्तक या दराने उतरतो. एक उतरतो, दुसरं चढतं, कानाला जवळपास सपाट मिळतं. ट्रकमध्ये मी बंद बॉक्सच का सुचवतो, त्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं कारण जागा. ६० × ३४ × २४ म्हणजे बाहेरून ४९ लिटर. सगळ्या बाजूंनी १८ मिमी प्लाय वजा केला की आत ५६.४ × ३०.४ × २०.४, म्हणजे ३५ लिटर. एका साधारण १२ इंचीला बंद बॉक्समध्ये २५ ते ३० लिटर लागतात, दोघांना त्याच्या दुप्पट. पोर्टेड केला तर एकालाच ४५-५० लिटर, आणि पोर्टची जागा वेगळी. उदाहरणार्थ ५० लिटरच्या बॉक्सला ३५ हर्ट्झवर ट्यून करायचं तर १० सेंमी व्यासाचा पाइप ३१ सेंमी लांब लागतो. तुमच्या २४ सेंमीत तो सरळ बसतच नाही. म्हणजे पॅकेजमधला तयार बॉक्स एकतर आत जाणार नाही, किंवा दुकानदार कापून लहान करेल आणि ट्यूनिंग वर सरकून ५५-६० हर्ट्झवर एकसुरी घूं-घूं मिळेल. पोर्टेडचा दुसरा धोका असा की ट्यूनिंगच्या खाली वूफरच्या कोनला (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही. सबसॉनिक (अगदी खालच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा) फिल्टर नसेल तर कॉइल आपटून जाते.

ऐकण्यावरही थोडं अवलंबून आहे. डीजे मिक्सचा लांबलेला बासच हवा असेल तर पोर्टेडला पर्याय नाही, मग सामानाची आणखी जागा सोडावी लागेल. ढोलकी, हलगी, ढोल-ताशा, जुनी गाणी यांना बंद बॉक्सचा सुटसुटीत ठोका जास्त शोभतो. तुमच्या जागेला एक १० इंची, बंद बॉक्स, एवढंच नीट बसतं. एक १२ इंची ओढूनताणून बसेल, पण पॅनलला कडेला जागा उरत नाही आणि वायर, ग्रिल, हवा यांना तर नाहीच.

आता लिटर किती, ते वूफरच्या कागदावरून निघतं. थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ओळखले जाणारे तीन आकडे बघायचे : एफएस (मोकळा वूफर ज्या फ्रीक्वेन्सीला सगळ्यात सहज हलतो ती, म्हणजे त्याचा रेझोनन्स), क्यूटीएस (त्या हालचालीवरचा लगाम; आकडा कमी तर लगाम जास्त) आणि व्हीएएस (वूफरइतकीच लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये). हे छापलेले नसतील तो वूफर घेऊ नका. एक उदाहरण घेऊ : एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३२ लिटर. बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू किती हवा, हे तुम्ही ठरवायचं. त्याला क्यूटीएसने भागा, वर्ग करा, एक वजा करा आणि जे येईल त्याने व्हीएएसला भागा. क्यू ०.७ हवा असेल तर ३३ लिटर येतात. ०.८ ला : ०.८ भागिले ०.५ म्हणजे १.६, वर्ग २.५६, वजा एक १.५६, आणि ३२ भागिले १.५६ म्हणजे २०.५ लिटर. १ ला फक्त १०.७ लिटर, पण तेव्हा बॉक्सचा रेझोनन्स ३२ गुणिले २ म्हणजे ६४ हर्ट्झवर जातो, आवाज फुगतो आणि थेट इंजिनाच्या पट्ट्यात येऊन बसतो. ०.८ ला तो ५१ हर्ट्झ. ट्रकला ०.७५ ते ०.८५ च्या दरम्यान राहा. क्यूटीएस ०.४ च्या बराच खाली असलेला वूफर पोर्टेडसाठी बनलेला असतो, तो इथे नको.

२०.५ लिटर ही निव्वळ हवा. त्यात वूफरने स्वतः व्यापलेले १.५ लिटर आणि आतले आधार अर्धा लिटर मिळवा. २३ लिटरचा बॉक्स करू. पुढची बाजू तिरपी ठेवली तर वूफर थोडा वर बघतो आणि बॉक्स सीटमागे नीट टेकतो. आतली मापं : रुंदी ५०, उंची २८, खोली खाली १९ आणि वर १४. सरासरी खोली १६.५. ५० × २८ × १६.५ म्हणजे २३.१ लिटर. बाहेरून रुंदी ५३.६, उंची ३१.६ आणि खाली खोली २३ च्या आसपास. तुमच्या जागेत बसतो आणि वायरीला बाजूला सहा सेंमी उरतात. वूफरची खोली १३ सेंमीपर्यंत असावी, म्हणजे मॅग्नेटमागे पाच सेंमी मोकळे राहतात. मॅग्नेटच्या मागे भोक असेल तर निदान अडीच सेंमी लागतातच.

एमडीएफ नको. कारमध्ये ठीक आहे, ट्रकमध्ये ओला टॉवेल, पावसाळ्यातली ओल आणि खालून येणारी वाफ यांनी त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड जाते. १८ मिमी मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० छापलेला. चार बाय तीन फुटांचा तुकडा पुरतो. सुतारासाठी कापणी अशी : मागचं पॅनल ५३.६ × ३१.६, पुढचं ५३.६ × ३३ (जादा रंध्याने काढायचं), वरचं ५३.६ × १४, खालचं ५३.६ × १९.५, आणि बाजूचे दोन तुकडे २८ उंच, खाली १९, वर १४. तिरपेपणा साधारण १० अंश आहे. वरच्या आणि खालच्या पट्टीची पुढची कड तेवढी तिरपी करायला सांगा, नाहीतर तिथे फट राहते आणि ती लांबीने (पुट्टीने) भरली जाते. लांबी बासने तडकते.

जोडणीला पाणी न लागणारा फेविकॉल मरीनसारखा गोंद सढळ हाताने लावा आणि १०-१२ सेंमीवर ४० मिमी स्क्रू मारा, पण आधी बारीक ड्रिल करून. प्लायच्या कडेत थेट मारला तर थर सुटतात. आत वूफरच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणाऱ्या ३ × ४ सेंमीच्या लाकडी पट्ट्या बसवा. सगळे आतले सांधे सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं तर वूफर बसवण्याआधी किमान एक दिवस बॉक्स उघडा ठेवा, नाहीतर ती वाफ आत कोंडून वूफरच्या चिकटवलेल्या भागांना त्रास देते. वायर बाहेर काढायचं भोक एपॉक्सीने बंद करा. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर, २०० ते २५० ग्रॅम, मोकळा करून भरा, दाबून नको. साधा कापूस ओल धरतो आणि गोळा होऊन मॅग्नेटमागे बसतो.

वूफर लाकडी स्क्रूने बसवू नका. ट्रकच्या हादऱ्यांनी ते ढिले होतात आणि तिथून हवा फुसफुसते. पॅनलच्या आतून एम५ चे टी-नट ठोका, बाहेरून मशीन बोल्ट, फ्लँजखाली फोमची गॅस्केट पट्टी. बोल्ट समोरासमोर घट्ट करा. वूफर पॉली कोनचा आणि रबर सराउंडचा (कोनभोवतीच्या कडेचा) घ्या, कागदी कोन धुळीत आणि ओलीत लवकर मऊ पडतो. समोर लोखंडी ग्रिल, कोनपासून दोन सेंमी लांब. सीट पूर्ण मागे सरकवून आणि पाठ पूर्ण टेकवून बघा, ग्रिल आणि सीट यांच्यात पाच सेंमी राहायला हवेत.

हवाबंद झाला का हे बघायला कोन दोन्ही हातांनी हळूच दाबून सोडा. तो सावकाश परत यायला हवा, टणकन नाही. मग ३० हर्ट्झचा टोन लावून सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे गळती.

बॉक्स आणि वूफर मिळून १३-१४ किलो होतात. एवढं वजन जोरात ब्रेक लागल्यावर मोकळं असेल तर सीटवर येऊन आदळतं, आणि केबिन टिल्ट केली तर सरळ काचेकडे. चार एम८ बोल्ट, लोखंडी अँगल आणि पत्र्याच्या खालून मोठे वॉशर. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन बघा, त्या जागी खालून हवेची नळी किंवा हार्नेस जात नाही ना.

अ‍ॅम्प बॉक्सवर बसवायची फॅशन आहे; तसं करू नका, सततच्या थरथरीने आतले सोल्डर सांधे तडकतात. तो आणि कन्व्हर्टर बर्थखालच्या भिंतीवर उभे लावा, आजूबाजूला पाच सेंमी मोकळी हवा ठेवून, समोर जाळीची फळी. ती फळी नसली तर गोधडी आणि पिशव्या त्यावर येऊन बसतात आणि तासाभरात अ‍ॅम्प गरम होऊन बंद पडतो.

कॉइलची जोडणी अ‍ॅम्पवरून ठरते. ४+४ ओहम ड्युअल कॉइल पॅरलल जोडली तर २ ओहम, सिरीज जोडली तर ८. मोनो अ‍ॅम्प २ ओहमला ३०० वॅट देत असेल तर पॅरलल करा. दोन चॅनलचा अ‍ॅम्प ब्रिज करणार (दोन्ही चॅनल मिळून एक करणार) असाल तर बहुतेकांना किमान ४ ओहम लागतात. तिथे २+२ ओहमचा वूफर सिरीजमध्ये घ्या. ब्रिजवर २ ओहम लावले की अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो. स्पीकर वायर २.५ स्क्वेअर एमएम पुरते.

पुढच्या स्पीकरबद्दल एवढंच, की दरवाज्यातले गुडघ्याखाली दबतात. वरच्या फळीत दोन्ही टोकांना साडेसहा इंची, प्रत्येकी पाच-सहा लिटरच्या छोट्या बंद बॉक्समध्ये, थोडे खाली झुकवून बसवले तर शब्द स्पष्ट लागतात. फळीला नुसती भोकं पाडून लावलेले स्पीकर सगळी फळी वाजवतात.

सेटिंगला मीटर लागतो. सबच्या वायरी काढा. स्टिरिओचा इक्वलायझर शून्यावर, अ‍ॅम्पचा बास बूस्ट बंद, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) पूर्ण कमी, लो-पास (ठरवलेल्या फ्रीक्वेन्सीच्या खालचंच सोडणारा फिल्टर) पूर्ण वर. पेनड्राइव्हमधून ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलवर रेकॉर्ड केलेला टोन लावा, आवाज तीन चतुर्थांश. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. २ ओहमला ३०० वॅट म्हणजे ३०० गुणिले २ याचं वर्गमूळ, २४.५ व्होल्ट. तिथे थांबा, ४ ओहमला हाच आकडा ३४.६ येईल. मग सब जोडून लो-पास ८० हर्ट्झ, पुढच्या स्पीकरना हाय-पास (वरचंच सोडणारा) ९० ते १००, सबसॉनिक २५. फेज स्विच ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवा : ज्या बाजूला बास भरलेला वाटतो ती बरोबर. शेवटी इंजिन १५०० वर ठेवून पुन्हा ऐका. उभ्या गाडीत थोडा जास्त वाटणारा बास चालत्या गाडीत बरोबर लागतो, पण तो फरक स्टिरिओच्या सब लेव्हलने काढा, गेनने नाही. आणि आवाज एवढाच ठेवा की मागच्याचा हॉर्न आणि ब्रेकच्या हवेची गळती कानावर येईल.

इंजिनासोबत चढणारी शिट्टी आली तर आधी अर्थिंग बघा. अ‍ॅम्प, स्टिरिओ आणि कन्व्हर्टरचं आउटपुट यांची निगेटिव्ह एकाच जागी, रंग खरवडलेल्या पत्र्यावर हवी. आरसीए (स्टिरिओतून सिग्नल नेणारी) वायर पॉवर केबलपासून लांब. तरीही शिट्टी राहिली तर ती कन्व्हर्टरच्या फिल्टरची, म्हणजे स्वस्त कन्व्हर्टरची. आवाज वाढवला की कन्व्हर्टरचं आउटपुट तुटत असेल, तर इनपुटला चालू स्थितीत व्होल्ट मोजा. २७ च्या खाली जात असतील तर केबल किंवा थिंबल दोषी, अल्टरनेटर नंतर.

गाडी उभी करून ऐकायचं असेल तर कन्व्हर्टरच्या आधी लो-व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्ट खाली गेले की लोड तोडणारा) लावा आणि तो २४.२ व्होल्टला ठेवा, म्हणजे सकाळी सेल मारण्यापुरता करंट शिल्लक राहतो. टाटा एस किंवा बोलेरो पिकअपवाल्यांनी हे वाचलं तर त्यांची गाडी १२ व्होल्टची आहे. कन्व्हर्टर आणि मधल्या जोडाचा सगळा भाग सोडून द्यावा, केबल मात्र १६ ते २५ स्क्वेअर एमएमची घ्यावी आणि फ्यूज तिच्याप्रमाणे.

पहिली फेरी करून आलात की एकदा सगळे थिंबल, वूफरचे बोल्ट आणि बॉक्सचे एम८ पुन्हा आवळा, फ्यूज होल्डरला हात लावून गरम लागतो का बघा, आणि दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट पुन्हा वेगवेगळे मोजा. ते सारखे राहिले असतील तर वायरिंग बरोबर झाली.